शास्त्रदान, पुस्तकपेढी आणि आपला वेळ

(संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी सभेत दिलेल्या भाषणाचा लेखी पाठ)



सुवर्णमहोत्सवाच्या सभेत संस्थेच्या वाटचालीचा गौरव व्हावा हे स्वाभाविकच आहे आणि माझ्या आधीच्या वक्त्यांनी ते कार्य उत्तम रीतीने पार पाडले आहे. माझ्याकडे पुस्तकपेढी समितीच्या वतीने बोलण्याचे काम आले आहे. मी कापडाचा व्यापारी. विद्वत्तेचा अधिकार मला नाही. तेव्हा हिशेबी माणसाने बोलावे तसे, जमा थोडक्यात आणि तूट सविस्तर, अशा पद्धतीने मी बोलणार आहे.

जमेची बाजू अशी की, गरजू मुलांच्या पुस्तकांसाठी आपल्याकडे पैसा कधी कमी पडलेला नाही. पर्युषण पर्वात एक शब्द टाकावा आणि संध्याकाळपर्यंत वर्षाची तरतूद व्हावी, असा अनुभव आहे. तूट आहे ती माणसांची. समितीच्या यादीवर सात नावे आहेत. त्यांतील चौघांनी साठी ओलांडली आहे आणि एप्रिलच्या उन्हात पुस्तकांची पोती उचलण्यास प्रत्यक्षात तिघेच येतात. यावरून विश्वस्त मंडळात एक सूचना पुढे आली आहे की, समिती विसर्जित करावी, निधी मुदत ठेवीत ठेवावा आणि दरवर्षी व्याजाचे धनादेश शाळांच्या मुख्याध्यापकांकडे सुपूर्द करावेत. सूचना सद्भावनेनेच केलेली आहे आणि ती करणारे सद्गृहस्थ माझे स्नेही आहेत. परंतु माझा तिला विरोध आहे आणि तो का, हे आपण सर्वांनी ऐकून घ्यावे अशी माझी विनंती आहे.

आपल्या धर्मात आहार, औषध, शास्त्र आणि अभय अशी चार दाने सांगितली आहेत. आचार्य समंतभद्रांच्या रत्नकरंड श्रावकाचारात या दानांची उदाहरणे म्हणून चार नावे येतात. त्यांतील शास्त्रदानाचे उदाहरण आहे कौंडेशाचे. टीकाकारांनी सांगितलेली त्याची पूर्वजन्मीची कथा अनेकांना ठाऊक असेल. तो पूर्वभवी गुराखी होता. रानात एका झाडाच्या ढोलीत त्याला शास्त्राची प्रत सापडली. ती त्याने जपली, तिची पूजा केली आणि पुढे एका मुनिमहाराजांच्या हाती ती सुपूर्द केली. या कथेविषयी मला नेहमी एक आश्चर्य वाटत आले आहे. शास्त्रदानाचा आदर्श म्हणून आपल्या आचार्यांनी राजा निवडला नाही, श्रेष्ठीही निवडला नाही. निवडला तो गुराखी. त्याने एक छदामही खर्च केला नव्हता. ग्रंथ कुठे पडला आहे हे त्याने पाहिले, तो सांभाळला आणि ज्याला त्याचा उपयोग होता त्याच्यापर्यंत पोहोचवला. पुस्तकपेढीच्या समितीचे काम यापेक्षा वेगळे काय असते?

श्रेष्ठींविषयी बोलायचे, तर आपल्या सोलापूरचेच उदाहरण देतो. षट्खंडागमावरील धवला टीकेच्या ताडपत्री प्रती शतकानुशतके मूडबिद्रीच्या भांडारात होत्या. त्यांचे दर्शन घडे, वाचन घडत नसे. मुंबईचे शेठ माणिकचंद आणि सोलापूरचे शेठ हिराचंद नेमचंद यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मूडबिद्रीची यात्रा केली आणि या ग्रंथांच्या नकला करवून घेण्याचे मनावर घेतले. ते काम वर्षानुवर्षे चालले. पुढे डॉ. हिरालाल जैन यांच्या संपादनाखाली पहिला खंड १९३९ साली अमरावतीहून छापून बाहेर पडला. हे दोघेही व्यापारी होते. हुंडी पाठवून ते मोकळे होऊ शकले असते. पण ग्रंथ कोणत्या अवस्थेत आहे, तो कोणाला वाचता येतो, नक्कल कोण करू शकेल, या गोष्टी हुंडीने कळत नाहीत. त्यासाठी जावे लागते.

आता शास्त्रावरून शालेय पुस्तकाकडे येतो. काही मंडळी म्हणतात की, गणिताचे पुस्तक देणे हे शास्त्रदान नव्हे. या वादात मी पडत नाही, तो निर्णय पंडितांनी करावा. मला एवढे दिसते की, ज्याला अक्षर वाचता येत नाही त्याला शास्त्रही वाचता येणार नाही. आणि ज्ञानाची आशातना करू नये हे आपण घराघरांत शिकवतो. पुस्तकाला चुकून पाय लागला तर आपले मूल लगेच पुस्तकाला नमस्कार करते. त्याच घरात परीक्षा संपली की तीच पुस्तके तराजूत घालून रद्दीवाल्याला किलोवर विकली जातात. याला काय म्हणावे, ते ज्याचे त्याने ठरवावे.

जून महिना आम्हा कापडवाल्यांचा गणवेशाचा हंगाम असतो. या दिवसांत गल्ल्यावर बसलेल्या माणसाला जे दिसते, ते कोणत्याही अहवालात सापडणार नाही. विडी वळणाऱ्या, यंत्रमागाच्या कारखान्यात कांड्या भरणाऱ्या माउल्या मुलांना घेऊन येतात. पदराच्या गाठीत मोजके पैसे असतात. मी विचारतो, "ताई, पुस्तकं झाली का घेऊन?" उत्तर ठरलेले असते, "पुस्तकाचं बगू मागनं शेट, आदी ड्रेसचं कापड द्या." यात त्या माउलीचे काही चुकत नाही. गणवेश नसला तर तो फाटकापाशीच दिसतो, सगळ्या वर्गासमोर मूल उभे राहते. पुस्तक नसले तर ते कोणाच्या डोळ्यावर येत नाही. मूल मागच्या बाकावर शेजाऱ्याच्या पुस्तकात डोकावत बसते आणि काही महिन्यांनी डोकावणेही सोडून देते. म्हणून पैसा अपुरा पडला की पहिली कात्री पुस्तकावर चालते. मी गणवेशाचे कापड विकतो, तेव्हा हे बोलणे माझ्या धंद्याच्या सोयीचे नाही. पण खरे आहे ते सांगितले पाहिजे.

आपल्यातील अनेकांची अशी समजूत आहे की, पुस्तके तर सरकार फुकट देते, मग पेढी हवी कशाला? समजूत अर्धी बरोबर आहे. सर्व शिक्षा अभियानापासून आणि पुढे २०१० साली अमलात आलेल्या शिक्षण हक्क कायद्यानंतर शासकीय व अनुदानित शाळांतील पहिली ते आठवीच्या मुलांना बालभारतीची पुस्तके विनामूल्य मिळतात. मध्यंतरी २०२३ साली पुस्तकातच वहीची कोरी पाने घालण्याची योजना आली आणि २०२५ च्या जानेवारीत शासनाने ती बंद केली. म्हणजे वह्यांचा खर्च पुन्हा पालकांकडे आला. परंतु मुख्य प्रश्न आठवीनंतरचा आहे. कायद्याचे छत्र चौदाव्या वर्षापाशी संपते. नववीच्या उंबरठ्यावर पुस्तके एकदम विकत घ्यावी लागतात, आणि नेमक्या त्याच वयात मुलगा कमावता होऊ शकतो व मुलीच्या लग्नाच्या गोष्टी घरात सुरू होतात. गळती होते ती या वळणावर. पुस्तकाच्या अभावी शाळा सुटते असे मी म्हणणार नाही. शाळा सुटण्याची कारणे पुष्कळ असतात. मात्र घरात दोलायमान स्थिती असताना नववीचा संच मुलीच्या हाती आधीच पडलेला असला, तर "आता घेतलेलीच आहेत पुस्तकं, जाऊ दे वर्षभर" असे म्हणणारा बाप मी पाहिला आहे.

आता धनादेशाच्या सूचनेकडे येतो. आमच्या धंद्यात गिऱ्हाइकाला चुकीचा माल गेला, पन्ना कमी निघाला, रंग गेला, तर दुसऱ्या दिवशी सकाळी ते दुकानाच्या पायरीवर हजर असते. चार शब्द सुनावते आणि माल बदलून नेते. त्यामुळे आपले कुठे चुकते हे व्यापाऱ्याला लगेच कळते. दानात असे घडत नाही. ज्याला फुकट मिळाले तो तक्रार करीत नाही.

काही वर्षांपूर्वी दिवाळीनंतर आम्ही एका शाळेत मुलांची विचारपूस करण्यास गेलो होतो. नववीतील एका मुलीच्या दप्तरात कोऱ्या करकरीत पुस्तकांचा संच होता. कोणा दात्याने तो जूनमध्ये दिलेला होता. विज्ञान आणि गणिताच्या पुस्तकांचे पानही उलटलेले नव्हते. आमच्या समितीत एक निवृत्त शिक्षिका आहेत, त्यांच्या लक्षात आले की, मुलगी सेमी-इंग्रजी तुकडीत आहे. तिला गणित-विज्ञान इंग्रजीतून शिकवतात आणि संच पूर्ण मराठी माध्यमाचा आहे. पाच महिने ती मुलगी ते ओझे रोज शाळेत नेत होती आणि घरी आणत होती. बाईंनी विचारले, "अगं, सांगितलं का नाहीस?" ती म्हणाली, "दिलेली वस्तू नको कशी म्हणायची, बाई?"

बंधू-भगिनींनो, त्या दात्याचा धनादेश वटला होता, पावती फाडली गेली होती, आभाराचे पत्रही गेले असेल. हिशेबात कुठेही चूक नव्हती. चूक सापडली ती दप्तर उघडून पाहणारी व्यक्ती तिथे गेली म्हणून. आणि आपले सोलापूर तर असे गाव आहे की इथे मराठीबरोबर कानडी, तेलुगू, उर्दू अशा माध्यमांच्या शाळा आहेत. बालभारती आठ भाषांतून पुस्तके काढते. मराठी माध्यमाची जुनी पुस्तके गोळा करण्यास आपल्याला अडचण पडत नाही. कानडी वा तेलुगू माध्यमाचा दहावीचा संच मिळवण्यासाठी मात्र आधीच्या वर्षीच्या मुलांचे पत्ते शोधत फिरावे लागते. हे काम मुख्याध्यापकांच्या टेबलावर ठेवलेला धनादेश कसे करणार? मुख्याध्यापकांना आधीच इतकी माहिती भरून पाठवायची असते की, त्यांच्यावर आणखी एक नोंदवही लादणे मला प्रशस्त वाटत नाही.

समितीत येऊ इच्छिणाऱ्यांच्या माहितीसाठी कामाचे स्वरूप थोडक्यात सांगतो. मार्च-एप्रिलमध्ये परीक्षा संपताच, रद्दीवाल्याच्या आधी, घरोघरी जाऊन पुस्तके आणायची. मग इयत्ता, माध्यम आणि आवृत्ती पाहून गठ्ठे लावायचे. आवृत्ती पाहणे महत्त्वाचे आहे. नववीचा अभ्यासक्रम २०१७ साली आणि दहावीचा २०१८ साली बदलला, तेव्हा आधीची चांगली पुस्तके एका रात्रीत निरुपयोगी झाली होती. नव्या राष्ट्रीय धोरणानुसार अभ्यासक्रम पुन्हा बदलू लागला आहे, म्हणून फार साठा करण्यात अर्थ नाही. त्यानंतर दुरुस्ती. सुटलेली पाने शिवायची, खळ लावायची, खाकी कव्हर घालायचे. पाठीला लावायला कटपिसाच्या पट्ट्या माझ्या दुकानातून येतात आणि त्या कागदी पट्टीपेक्षा तीन-तीन वर्षे अधिक टिकतात, हे मी थोड्या अभिमानाने सांगतो. शेवटी खतावणी. कोणत्या मुलाकडे कोणती पुस्तके गेली याची नोंद, आणि वर्षअखेर ती परत घेणे. परत घेणे आवश्यकच आहे. मुलालाही कळते की हे पुस्तक आपल्यानंतर आणखी कोणाचे तरी आहे, आणि ते घेण्यात त्याला कमीपणा वाटत नाही. वाचनालयाचे पुस्तक घेताना कोणाला कमीपणा वाटतो?

वेळेच्या बाबतीत आपल्या पंचांगाने आपली मोठी सोय करून ठेवली आहे. ज्येष्ठ शुद्ध पंचमी ही श्रुतपंचमी. आचार्य पुष्पदंत आणि भूतबली यांचा षट्खंडागम लिपिबद्ध होऊन पूर्ण झाला तो हा दिवस. बहुतेक वर्षी तो शाळा उघडण्याच्या आगेमागे येतो. श्वेतांबर परंपरेतील ज्ञानपंचमी कार्तिक शुद्ध पंचमीला, म्हणजे दिवाळीपाठोपाठ येते आणि त्याच सुमारास दुसरे सत्र सुरू होते. आपल्या संस्थेत दोन्ही परंपरांचे श्रावक एकत्र नांदतात. तेव्हा श्रुतपंचमीपर्यंत पुस्तके मुलांच्या हाती पडावीत आणि ज्ञानपंचमीनंतरच्या आठवड्यात ती उपयोगी पडत आहेत की नाहीत हे पाहण्यास समितीने जावे, असा नियम करावा असे मी सुचवतो. त्या सेमी-इंग्रजीच्या मुलीसारखी आणखी किती मुले गप्प बसून असतील, हे या दुसऱ्या फेरीतच कळू शकते. दोन्ही दिवशी आपण मंदिरात ग्रंथपूजन करतोच.

वितरण समारंभाविषयी थोडे स्पष्ट बोलतो, राग मानू नये. व्यासपीठ, पाहुणे, हारतुरे, आणि एकेका मुलाला नाव पुकारून बोलावून संच देताना छायाचित्र, ही प्रथा अनेक ठिकाणी आहे. मंदिराच्या पेटीत आपण गुप्तदान करतो आणि त्याचे पुण्य अधिक मानतो. मग तोच नियम मुलाच्या बाबतीत का नसावा? चौदा वर्षांच्या मुलाला आपली गरिबी दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात पाहायला लावणे हे दान आहे की त्याची किंमत वसूल करणे आहे? आणि यात आपल्या समाजाचाही प्रश्न आहे. जैन म्हणजे सधन, असा बाहेर समज आहे आणि आपणही तो समज आनंदाने जोपासतो. पण दुकान बसलेले, भागीदारी मोडलेली, कर्ता पुरुष अकाली गेलेला, अशी घरे आपल्यात आहेत. ती घरे कधीही रांगेत उभी राहणार नाहीत. त्यांच्या मुलांपर्यंत पुस्तके पोहोचवायची, तर कोणी तरी आपले मानून, गाजावाजा न करता, संध्याकाळी त्यांच्या घरी गेले पाहिजे. माझ्या माहितीत हे काम समितीतील भगिनींनी जितके नाजूकपणे केले, तितके आम्हा पुरुषांना साधलेले नाही.

पेढी समाजापुरती असावी की सर्वांसाठी, असाही एक प्रश्न अधूनमधून विचारला जातो. माझे उत्तर कुंभोजच्या एका जैन घरात १८८७ साली जन्मलेल्या मुलाकडे बोट दाखवून मी देतो. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि साताऱ्याच्या आपल्या वसतिगृहात सर्व जातींच्या मुलांना एका पंक्तीत बसवले. मुलांच्या शिध्यासाठी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्रसुद्धा मोडले. समाजातील काहींना तेव्हा हे रुचले नव्हते. आज आपण त्यांचे छायाचित्र सभागृहात लावतो. तेव्हा आपल्या पेढीच्या दारात आडनाव विचारले जाऊ नये, एवढे तरी आपल्याकडून घडावे.

तरुण मंडळी मला म्हणतात, "काका, बालभारतीची पुस्तके मोबाईलवर फुकट उतरवून घेता येतात, तुम्ही अजून गठ्ठे काय बांधत बसलात?" खरे आहे, उतरवता येतात. पण घरात एक फोन, तो सकाळी वडिलांबरोबर कामावर जातो आणि रात्री परत येतो तेव्हा त्यात चार्जिंग नसते. २०२०-२१ मध्ये शाळा बंद होत्या, त्या काळात हे आपण सर्वांनी पाहिले आहे. त्याच तरुणांना माझी विनंती आहे की, आमची खतावणी संगणकावर चढवून द्यावी. माझे अक्षर माझ्या गुमास्त्याशिवाय कोणाला लागत नाही.

पुस्तकपेढीखेरीज आणखी दोन ठिकाणी आपली माणसे असावीत असे मला वाटते. एक, शाळा व्यवस्थापन समिती. शिक्षण हक्क कायद्यानुसार तिचे तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. ज्यांची मुले अशा शाळांत आहेत त्यांनी ही संधी सोडू नये. दुसरे, वस्तीतील सार्वजनिक ग्रंथालयाचे कार्यकारी मंडळ. १९६७ च्या कायद्याखाली मान्यता मिळालेली अ, ब, क, ड वर्गांची ग्रंथालये आपल्या आसपास आहेत. ड वर्गातील लहान ग्रंथालयाला अनुदान तुटपुंजे आणि बालविभागात फाटकी पुस्तके, असे चित्र अनेक ठिकाणी दिसते. तिथे कार्यकारी मंडळावर बसून, मुलांना काय वाचावेसे वाटते हे विचारून खरेदीची यादी करणारा एक माणूस पुष्कळ काही करू शकतो. क्रमिक पुस्तकाने मूल परीक्षेत पास होते, पण वाचनाची गोडी गोष्टीच्या पुस्तकाने लागते. आता बंद पडलेल्या 'चांदोबा'चे जुने अंक कोणाच्या माळ्यावर असतील, तर कृपया ते रद्दीत देऊ नका. आमच्या पेढीत ते जितके फाटले आहेत तितके दुसरे काही फाटलेले नाही.

विश्वस्त मंडळापुढे मी दोन गोष्टी लेखी ठेवत आहे. समिती विसर्जित करण्याचा विचार किमान दोन वर्षे पुढे ढकलावा. आणि या दोन वर्षांत पन्नाशीच्या आतील सहा जणांनी, त्यांत निम्म्या भगिनी असाव्यात, समितीत यावे. त्यांना पद मिळणार नाही, स्मरणिकेत छायाचित्र छापले जाणार नाही. वर्षातून साधारण बारा-पंधरा दिवस लागतील, आणि त्यांतील निम्मे उन्हाळ्यातले असतील. दोन वर्षांनंतरही माणसे मिळाली नाहीत, तर धनादेशाच्या ठरावावर मी स्वतः सही करीन.

पुढील रविवारी सकाळी साडेआठ वाजता संस्थेच्या तळमजल्यावर नववी-दहावीच्या पुस्तकांचे गठ्ठे लावण्यास सुरुवात होणार आहे. कानडी वाचता येणारे कोणी असेल तर अवश्य यावे, तो कोपरा गेल्या वर्षापासून तसाच पडून आहे. येताना दाभण आणि जाड दोरा आणावा. कापडाच्या पट्ट्या मी आणतो.

जय जिनेंद्र.